साठ टक्क्यांची चाळणी आणि नाइटची सिस्टर

प्रति,
मुंबईतल्या सार्वजनिक, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांच्या परिचारिका निवड समित्या,
तसेच नर्सिंग शाळा-महाविद्यालयांचे प्राचार्य आणि व्यवस्थापन

सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एका रुग्णालयाची परिचारिका भरतीची जाहिरात माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी मला पाठवली. कंत्राटी जागा, अकरा महिन्यांचा करार. पात्रता जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग, शिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. इथपर्यंत काही बोलायचं कारण नव्हतं. त्याखाली अटी होत्या. बारावीला किमान ६० टक्के, नर्सिंगच्या प्रत्येक वर्षी किमान ६० टक्के, सगळ्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण. अर्ज जास्त आले तर बारावी आणि नर्सिंगच्या टक्केवारीची सरासरी काढून यादी लावणार. अनुभवाला गुण नाहीत. मुलाखत ‘आवश्यकता भासल्यास’.

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अशाच अटी थोड्याफार फरकाने मी इतर जाहिरातींतही वाचल्या आहेत. कुणीतरी एकदा मजकूर तयार केला आणि बाकीच्यांनी उतरवून घेतला, असंच दिसतं. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघड.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी या शहरातल्या सार्वजनिक रुग्णालयात आधी वॉर्डात आणि नंतर पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी ट्युटर, म्हणून नोकरी केली. निवृत्त झाले, तरी मुली लालबागला घरी येतात, औषधांची गणितं सोडवून घेतात, नोकरीचे अर्ज दाखवतात. दुसरा संबंध जास्त स्वार्थाचा आहे. माझं वय झालंय. उद्या-परवा तुमच्याच एखाद्या वॉर्डात मी खाटेवर असेन आणि रात्री तीन वाजता माझ्याजवळ कोण येणार, हे तुमच्या या याद्या ठरवणार आहेत.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर पत्राचा अर्थ भलताच लागेल. ‘नर्सला मार्क कशाला हवेत, मन हवं’ असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. प्रेमळ मनाने दिलेला चुकीचा डोस हा चुकीचाच डोस असतो. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची वायल घ्या. पाच मिलीत २५,००० युनिट. डॉक्टरांनी २,५०० युनिट लिहिले म्हणजे अर्धा मिली. दशांश चिन्ह एक घर सरकलं की तो अर्धा मिली पाच मिली होतो, अख्खी वायल शिरेत जाते आणि रुग्णाला दहापट औषध मिळतं. इन्सुलिनचंही तेच. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेलं इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिटचंही. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. शंभरचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने खुणेप्रमाणे भरलं तर डोस अडीचपट होतो आणि पहाटे रुग्णाची साखर कोसळते. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. हे ज्या मुलीला कळत नाही तिला माझ्या हाताखाली मी एकही इंजेक्शन देऊ दिलं नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी.

टॉपर मुली वाईट नर्स होतात, हीसुद्धा एक आवडती दंतकथा आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्यात उत्तम परिचारिकांपैकी काही जणी पहिल्या नंबरच्याच होत्या. तेव्हा भांडण गुणांशी नाही. कुठले गुण, कधी मिळालेले, कुणी दिलेले आणि ते किती वर्षं मुलीच्या मागे लावायचे, याबद्दल आहे.

नियम काय म्हणतो ते पाहा. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ४५ टक्के मागितलेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के, आणि इंग्रजीत उत्तीर्ण. जीएनएमला कुठल्याही शाखेची मुलगी चालते, बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी. बी.एस्सी.साठी प्रवेश परीक्षा आहे. तिचे १०० गुण पाच सारख्या भागांत वाटलेत आणि त्यातला एक भाग, वीस गुणांचा, नर्सिंगचा कल तपासण्यासाठी ठेवलाय. पर्यायांवर खूण करून कल कितपत कळतो, हा वेगळा वाद. पण निदान शास्त्राच्या विषयांपलीकडे काहीतरी बघायचं असतं, एवढं नियम करणाऱ्यांनी मान्य केलं.

प्रवेश मिळाल्यावर मात्र नियम सैल राहत नाही. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के मिळवावे लागतात. ८० टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आणि वॉर्डातली हजेरी पदवी हातात पडण्याआधी शंभर टक्के भरून द्यावी लागते. ताप आला, घरी लग्न निघालं, तरी राहिलेल्या ड्यूट्या करून द्यायच्या. म्हणजे परिषदेने आत येण्याचा रस्ता रुंद ठेवला आणि बाहेर पडण्याचा अरुंद. तुमच्या जाहिरातीने हे उलटं केलं. ज्या टप्प्यावर परिषदेने मुलीला संधी दिली, तिथेच तुम्ही चार वर्षांनी तिला पुन्हा अडवता, आणि मधल्या चार वर्षांत ती काय शिकली ते विचारतसुद्धा नाही.

पहिली तक्रार बारावीच्या गुणांची. २०२१ साली कोविडमुळे आपल्या राज्य मंडळाची बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावी, अकरावी आणि बारावीचं अंतर्गत मूल्यमापन यांचं ३०, ३० आणि ४० असं सूत्र लावून निकाल काढला आणि ९९.६३ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. २०२२ ला परीक्षा झाली, पण अभ्यासक्रम पाव भागाने कमी करून. या दोन्ही बॅचच्या मुली बी.एस्सी. करून आता तुमच्या दारात उभ्या आहेत. शेजारी २०१९ ची मुलगी आहे, जिने पूर्ण अभ्यासक्रमाची पूर्ण परीक्षा दिली आणि ५७ टक्के मिळवले. तुमची यादी या तिघींना एका ओळीत उभं करून दशांशापर्यंत तुलना करते. कुठल्या आधारावर? मी गणिताची शिक्षिका नाही, पण तीन वेगवेगळ्या मापांनी मोजलेली उंची एकाच तक्त्यात लिहू नये, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलींनाही शिकवलंय.

दुसरी तक्रार नाजूक आहे आणि आपल्या क्षेत्रात ती सगळ्यांना ठाऊक असून कुणी लिहीत नाही. बी.एस्सी.च्या लेखी विषयात १०० पैकी २५ गुण कॉलेजच्या हातात असतात. प्रात्यक्षिकात तर ५०. काही कॉलेजं हे गुण हात राखून देतात, काही ओंजळीने देतात. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाला जोडलेल्या शाळेत केस बुक अपुरं राहिलं, की ट्युटर मॅडम लाल शेरा मारून परत पाठवतात. तिथल्या मुलीला प्रात्यक्षिकात ३२ मिळाले तर ती मैत्रिणींना चहा पाजते. दुसरीकडे असंही कॉलेज असतं जिथे वॉर्डाचा अनुभव भाड्याच्या बसमधून फिरून मिळवावा लागतो आणि गुण मात्र पंचेचाळीसच्या खाली उतरत नाहीत. मी सरसकट खासगी कॉलेजांना नावं ठेवत नाहीये. काही फार चांगली आहेत, काही सरकारी शाळांचीही दुर्दशा आहे. पण हा फरक तुम्हाला माहीत असतो. मुलगी रुजू झाली की पहिल्याच आठवड्यात परिसेविका, म्हणजे वॉर्डची मुख्य सिस्टर, सांगते, ‘हिला हात चालवायला कुणी शिकवलंच नाही.’ मग निवड करताना त्या परिसेविकेला का विचारत नाही?

तिसरी, ‘पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण’. इथे मला एका मुलीबद्दल सांगायचंय. नाव सांगणार नाही. मानखुर्दची, आई चार घरची कामं करणारी. मराठी माध्यमातून विज्ञान घेतलं, बारावीला ५१ टक्के. जीएनएमच्या पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत अडकली. हृदयाचे कप्पे तिला पाठ होते, पण इंग्रजी वाक्य पुरं होईपर्यंत वेळ संपायची. पुढच्या परीक्षेत सुटली. नंतर कधी अडकली नाही, शेवटची टक्केवारी अठ्ठावन्न.

ही मुलगी तिसऱ्या वर्षाला सर्जरी वॉर्डात नाइटला होती. आतड्याच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस असलेले एक आजोबा, दिवसभर कण्हत होते ते रात्री शांत झाले. वॉर्डात शांत रुग्ण सगळ्यांनाच आवडतो. तिला तो शांतपणा खटकला. नाडी मोजली तर संध्याकाळपेक्षा बरीच वाढलेली. लघवीची पिशवी बघितली, तासाला तीस मिलीच्या खाली. रक्तदाब अजून ठीकच होता, त्यामुळे पहिल्यांदा हाउसमन, म्हणजे ड्यूटीवरचे शिकाऊ डॉक्टर, म्हणाले, सलाइन वाढव आणि बघू. ती अर्ध्या तासाने पुन्हा गेली, आकडे कागदावर लिहून, तारीख-वेळ घालून. मग वरिष्ठ आले. आतून रक्तस्राव होत होता, पहाटे पुन्हा शस्त्रक्रिया झाली. आजोबा आठवड्याभराने वॉर्डातल्या मावशींशी जेवणावरून भांडत होते.

ती रात्र कुठल्या गुणपत्रिकेत लिहिलेली नाही. तुमच्या जाहिरातीप्रमाणे या मुलीचा अर्ज संगणकच परत पाठवतो. तिने भरला होता. परत आला.

चौथी तक्रार, अनुभवाला शून्य. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. पाच वर्षं आयसीयूत काम केलेल्या सिस्टरचा अनुभव तुम्ही मोजत नाही आणि तिचा बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर मोजता, हे कुणाही सुज्ञ माणसाला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

आणि वर ‘नर्स मिळत नाहीत’ ही तुमचीच तक्रार. परिषदेचा निकष सांगतो, शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. मुंबईच्या सार्वजनिक वॉर्डात रात्री दोघी सिस्टर चाळीस खाटा आणि वर खाली गादी टाकलेले फ्लोअर पेशंट सांभाळतात, हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो. जागा रिकाम्या ठेवायच्या आणि चाळणीची भोकं बारीक करायची, यात कुणाचं भलं होतं ते मला कळलेलं नाही.

गुणांनी काय कळतं आणि काय नाही, याचं एकच उदाहरण देते. बेडसोअर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला होणारी जखम, टाळण्यासाठी काय कराल, हा प्रश्न आपल्या परीक्षांत वर्षानुवर्षं येतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, हाडांच्या उंचवट्यांखाली आधार देणे, चादरीला सुरकुती न ठेवणे, प्रथिनयुक्त आहार. सगळ्याजणी लिहितात, सगळ्यांना गुण मिळतात. आता परळच्या केईएममध्ये जा. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर बेशुद्धावस्थेत गेलेल्या, १९७३ च्या नोव्हेंबरपासून २०१५ च्या मे महिन्यापर्यंत त्या रुग्णालयात खाटेवर होत्या. जवळपास बेचाळीस वर्षं. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, ज्यांनी त्यांना सहकारी म्हणून पाहिलं होतं त्या निवृत्त झाल्या, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्या ड्यूटीवर आल्या. त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या परिचारिकांच्या सेवेची मुद्दाम दखल घेतली. त्या सगळ्याजणी बारावीला, किंवा त्या काळच्या मॅट्रिकला, पहिल्या वर्गात होत्या का, याची चौकशी न्यायालयाने केली नव्हती. दोन तासांनी कूस बदलायची हे माहीत असणं एक, आणि बाकी चाळीस रुग्ण हाका मारत असताना ती खरोखर बदलणं दुसरं. पहिल्याची परीक्षा लेखी घेता येते. दुसऱ्याची घ्यायची असेल तर मुलीला वॉर्डात उभं करून बघावं लागतं.

‘एवढ्या अर्जांतून निवडायचं कसं, काहीतरी मोजमाप हवंच,’ असं तुमच्यातल्या एका प्रशासकांनी मला बोलून दाखवलं. बरोबर आहे, हवंच. पण मोजमापं तयार आहेत. दिल्लीच्या एम्सची नॉरसेट २०२० पासून सुरू आहे. नोंदणीकृत परिचारिकांची सामाईक परीक्षा घेतात आणि तिच्या गुणांवर यादी लावतात. बारावीची टक्केवारी त्या यादीत नसते. अमेरिकेची एनक्लेक्स, म्हणजे परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा, तर फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढंच सांगते. ८५ ते १५० प्रश्न, तुमची उत्तरं जशी येतील तसे पुढचे प्रश्न अवघड किंवा सोपे होत जातात. इंग्लंडला जायचं तर आधी संगणकावरची परीक्षा, मग ऑस्की. वेगवेगळ्या टेबलांवर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं आणि समोर परीक्षक खुणा करत उभा. अमेरिकेत आपली गुणपत्रिकाही मागतात, पण मुलगी काय काय शिकली आणि वॉर्डात किती तास उभी राहिली हे तपासायला. आणि ऑस्की काही परदेशी चैन राहिलेली नाही. परिषदेच्या नव्या अभ्यासक्रमात आपल्याच मुलींच्या प्रात्यक्षिक मूल्यमापनात ती आली आहे. तुमच्याकडे सरावाचे पुतळे आहेत, प्रात्यक्षिक कक्ष आहेत, घेणाऱ्या ट्युटर आहेत.

मानखुर्दची ती मुलगी आता इंग्रजीची ओईटी देण्याच्या तयारीला लागली आहे. तिला मँचेस्टरला कुणी बारावीचे टक्के विचारणार नाही. मला तिचा आनंद आहे आणि तुमचा राग येतो, दोन्ही एकदम.

जिथे टक्के लागतात तिथे लागू द्या. एम.एस्सी. नर्सिंगला बी.एस्सी.चे ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव मागतात. पुढे जाऊन शिकवायचं आहे, तर ते रास्तच आहे. लष्करी नर्सिंग सेवेत जायचं तर बारावी पहिल्याच प्रयत्नात आणि ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, हे मी दहावीच्या मुलींना आवर्जून सांगते. ज्या मुली अजून शाळेत आहेत त्यांनी या पत्राचा अर्थ ‘अभ्यास नको’ असा काढला, तर त्यांच्या आया माझ्या घरी येऊन मला धरतील आणि ते योग्यच होईल. जीवशास्त्र नीट करा. इंग्रजी नीट करा. आणि अंकगणित तर फारच नीट करा.

महाविद्यालयांना थोडं वेगळं सांगायचंय. ४५ टक्क्यांची मुलगी तुम्ही घेता, कारण जागा भरायची असते. घेतल्यावर तिला पहिल्या सत्रात सोडून देता. पहिले तीन महिने रोज एक तास इंग्रजी आणि एक तास औषधांचं गणित घ्या. जास्तीचा खर्च जवळपास नाही. मराठी माध्यमातल्या मुली पहिल्या वर्षी का अडकतात, याचं उत्तर तुमच्याच उत्तरपत्रिकांत पडलेलं आहे. आणि अंतर्गत गुण खैरातीसारखे वाटणं बंद करा. तुम्ही ज्या मुलीला पंचेचाळीस दिलेत, तिच्या हातात उद्या ती हेपॅरिनची वायल असणार आहे.

तर मागण्या या.

नोंदणी झालेल्या परिचारिकेकडून बारावीचे गुण मागणं बंद करा. पात्रतेपुरता दाखला बघा, यादीत ते धरू नका.

नर्सिंगच्या वर्षांना ६० टक्क्यांची आणि पहिल्या प्रयत्नाची अट काढून टाका. परीक्षा उत्तीर्ण होऊन परिषदेकडे नोंदणी झालेली मुलगी उत्तीर्ण आहे.

औषधांच्या गणिताची वीस मिनिटांची लेखी परीक्षा घ्या. इथे मी साठ टक्क्यांवर समाधान मानणार नाही, शंभर मागा. ज्या चुकतील त्यांना महिन्याभराने पुन्हा बसू द्या, पण चुकलेलं गणित घेऊन वॉर्डात पाठवू नका.

त्यानंतर चार-पाच टेबलांची ऑस्की: इंजेक्शन, व्हायटल्सचा चार्ट वाचणं, सीपीआर, ड्यूटीचा हँडओव्हर, आणि घाबरलेल्या नातेवाइकाला मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगणं. शेवटचं सोडू नका. सायन-धारावीकडून आलेल्या बाईला प्रिस्क्रिप्शन समजावता येणं हे या शहरात कौशल्य आहे.

निवड समितीवर एक तरी कार्यरत परिसेविका ठेवा. मेट्रनबाई असतातच, पण त्या ऑफिसात बसतात. मला वॉर्डातली हवी.

अनुभवाला गुण द्या आणि कशाला किती गुण ते जाहिरातीतच छापा, म्हणजे मुलींना फॉर्मचे पैसे भरण्याआधी कळेल.

ज्या रुग्णालयाच्या जाहिरातीवरून हे पत्र निघालं, त्यांची अर्जाची मुदत अजून संपलेली नाही. शुद्धिपत्रक काढायला एक सही लागते. ते काढलंत तर परत आलेले अर्ज पुन्हा मागवा. मला माहीत असलेल्या मुलींना मी स्वतः फॉर्म भरायला बसवीन.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका
लालबाग, मुंबई

प्रत माहितीसाठी आणि कार्यवाहीसाठी: वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, महाराष्ट्र परिचर्या परिषद